चौथं कडवं

डिसेंबर लागला की जळगावात बर्फ पडतो. जिनिंगमधून आणलेला कापूस दुकानांच्या काचांमागे पसरतात, त्यावर थर्माकोलचं हरीण उभं करतात आणि बाहेर भर दुपारी लोक उसाचा रस पीत असतात. हॉटेलातल्या वाढप्यांना लाल टोप्या घालतात. टोपीखालून घामाचा ओघळ येतो आणि तेच बोट ताटाच्या कडेला लागतं. मला शिसारी येते. ख्रिस्ती माणसाचा सण ख्रिस्ती माणसाने करावा, त्याच्या घरी बोलावलं तर आपण जाऊन करंजी खावी, इथवर मला कळतं. ह्या टोप्यांचं मला काही कळत नाही.

घरचे म्हणतात, नाना, तुम्हाला कशाचीही किळस येते. खरं आहे. पण सगळ्यात जास्त किळस मला गेल्या वर्षीच्या डिसेंबरात आली, आणि ती मुख्यतः माझीच आली. ते सांगण्याआधी मी कोण ते सांगतो.

माझं नाव अमृत. जातीने सोनार, कामाने नक्षीवाला. सोन्याच्या तोड्यांवर, गोठांवर वेलबुट्टी उठवायची, हे मी पंचेचाळीस वर्षं जळगावच्या सराफ्यामागच्या एका बोळात बसून केलं. नक्षी उठवताना दागिना हलता कामा नये. त्यासाठी तो राळेत बसवतात. राळ म्हणजे लाख, तेल आणि विटांची पूड एकत्र शिजवलेला काळा गोळा. गरम असताना मऊ, थंड झाला की दगड. राळ भरड असली तर सोन्यावर खड्डे उमटतात, म्हणून चांगली राळ कारागिराला जिवापाड लागते.

माझ्या वस्तादांना एक गोष्ट ठाऊक होती, ती त्यांनी मला शिकवली. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या लाखेच्याच असतात आणि त्यात दगडाची इतकी बारीक पूड असते की आपल्याला जन्मात तशी दळता येणार नाही. तबकडी फोडायची, लोखंडी कढईत शेगडीवर ठेवायची, चमचाभर तेल सोडायचं. जळक्या केसांसारखा वास सुटतो आणि राळ तयार होते. तशी राळ बाजारात मिळत नाही.

तबकड्या भुसावळहून यायच्या. रेल्वे कॉलनीतले गोरे, अर्धगोरे ड्रायव्हर आणि गार्ड देश सोडून गेले, त्यांच्या बंगल्यांतलं सामान भंगारात आलं. सिनेमाच्या गाण्यांच्या तबकड्यांना गिऱ्हाईक असायचं. नाताळच्या गाण्यांना कुत्रं विचारत नव्हतं. भंगारवाला त्या माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायचा. एका बाजूला चर्चमधलं भक्तीचं गाणं, दुसऱ्या बाजूला घंटा, घसरगाडी, बर्फ असलं काहीतरी. वर्षातून एकच महिना वाजायच्या, त्यामुळे झिजलेल्या नसायच्या. मी म्हणायचो, नाताळची राळ एक नंबर. शेकड्यांनी वितळवल्या असतील. त्यातलं एकही गाणं मी कधी ऐकलं नाही, माझ्याकडे ग्रामोफोनच नव्हता.

तबकडीच्या मधोमध रंगीत कागद चिकटवलेला असतो. तो राळेत गेला तर गुठळ्या होतात, म्हणून मी तबकड्या आधी पाण्यात भिजत घालून कागद सोडवायचो. कागद दिसायला छान असायचे. लाल, जांभळे, सोनेरी अक्षरांचे. फेकवत नव्हते म्हणून मी ते शाळेच्या वहीत चिकटवत गेलो आणि खाली पेन्सिलीने राळ कशी निघाली ते लिहीत गेलो. कडक, मऊ, बरी, उत्तम. महिना आणि साल. बस.

ही वही गेल्या वर्षी अर्पितने पाहिली, जुन्या तबकड्या शोधत तो माझ्याकडे आला तेव्हा. अर्पित दोंडाईच्याच्या एका मारवाडी जैन घरातला. जळगावात त्याने कॉफीचं दुकान काढलंय. एका कॉफीच्या पैशांत घरी आठवडाभर दूध येईल. दुकानात जुनं वातावरण पाहिजे म्हणून त्याने तबकड्या गरम पाण्यात वाकवून त्यांच्या वाट्या केल्यात आणि त्यात खारे शेंगदाणे देतो. ते पाहून माझं तोंड कडू झालं. मग आठवलं की आपण कोण लागून गेलो, आपण तर त्यांचा गोळा केला. अर्पितने वहीतल्या कागदांचे फोटो काढले, मोठे करून भिंतीवर लावले, मोबाइलवर टाकले. फक्त कागदांचे. खालचं पेन्सिलीचं त्याने कापून टाकलं. त्याला ते घाण वाटलं असणार.

आठच दिवसांत माझ्या दारात दोन बाया उभ्या राहिल्या. एक तिशीची, बँकेत नोकरी करणारी, तिचं नाव प्रज्ञा. दुसरी तिची आजी. पांढरं सुती लुगडं, कानात यंत्र, हातात काठी, पाठ ताठ. अर्पितकडून पत्ता घेऊन धुळ्याहून एसटीने आल्या होत्या. प्रज्ञाने मोबाइल पुढे केला. त्यावर माझ्या वहीतला एक निळा कागद होता. मराठी अक्षरं. "नाताळचे गीत. कन्या वसतिगृह, धुळे."

"नाना, ही तबकडी तुमच्याकडे आहे ना?" प्रज्ञाने विचारलं. "ही माझी आजी. ह्या गाण्यात ती होती."

म्हातारी माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. अठ्ठ्याऐंशी वर्षांचं माणूस तसं पाहायला लागलं की खोटं बोलू नये. मी म्हणालो, "असेल अक्का. माळ्यावर शोधावं लागेल. बसा."

असेल कसली? त्या कागदाची तबकडी मी माझ्या हाताने फोडली होती. पण तोंडातून हो निघून गेलं आणि त्या बसल्या. चहा झाला. मग द्रौपदाअक्कांनी मला जे सांगितलं ते ऐकताना मला आधी त्यांच्या त्या वसतिगृहाची किळस आली, नंतर माझी.

अक्का धुळ्याजवळच्या एका खेड्यातल्या. बाप रस्त्याच्या कामावर खडी फोडायचा. आई गेली तेव्हा धुळ्यातल्या मिशनच्या वसतिगृहात पोरीला ठेवलं. पोट भरत होतं, अक्षर कळत होतं, ह्याबद्दल अक्का अजूनही वाईट बोलत नाहीत. वसतिगृहाच्या मुख्य बाई पुण्याकडच्या. त्यांना पोरींचं खानदेशी बोलणं खपत नसे. जेवताना कुणी "पानी शे का" म्हणालं तर पाणी मिळायचं नाही.

शेहेचाळीस सालच्या डिसेंबरात मुंबईहून दोन माणसं मोटारीतून यंत्र घेऊन आली. पोरींच्या नाताळगीताची तबकडी काढायची होती. प्रार्थनेच्या खोलीत भिंतींना घोंगड्या टांगल्या, यंत्र पलीकडच्या खोलीत ठेवलं, माइक पोरींसमोर. एका बाजूला गोठ्यात जन्मलेल्या बाळाचं भक्तीचं गाणं, चार कडव्यांचं. दुसऱ्या बाजूला करंज्या, शंकरपाळी आणि घंटांचं गमतीचं गाणं. अक्का दहा वर्षांच्या होत्या आणि त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. महिनाभर त्याच पुढे उभ्या राहून गात होत्या. आदल्या दिवशी बाईंनी त्यांना मागच्या ओळीत ढकललं.

"द्रौपदा, उद्या तू नुसते ओठ हलवायचे. आवाज काढायचा नाही. तुझ्या बोलीचा वास येतो गाण्याला."

हे वाक्य अक्कांनी मला जसंच्या तसं, पुणेरी सुरात म्हणून दाखवलं. सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर वर्षं त्यांनी ते जपून ठेवलं होतं. बोलीला वास येतो! त्या बाईच्या तोंडावर थुंकावं असं मला वाटलं आणि ती मरून कितीतरी वर्षं झाली असणार.

अक्कांनी तीन कडवी नुसते ओठ हलवले. "चौथ्या कडव्यात होतं की सर्वांनी गावं," त्या म्हणाल्या. "मी ल्हान होते भाऊ. मला वाटलं, सर्वांमधी मी पण आले." आणि त्या गायल्या. पूर्ण गळ्याने, पूर्ण कडवं.

गाणं संपल्यावर बाईंनी त्यांना घोंगड्यांमागे नेऊन वेताने मारलं. मग सगळ्या पोरींना उभं करून सांगितलं की द्रौपदाने तबकडी नासवली. होळीनंतर तबकडी छापून आली. ती बाईंच्या बंगल्यावर वाजली, पोरींना कुणी ऐकवली नाही. पुढे ती खपली नाही, मुंबईची माणसं परत आली नाहीत, आणि उठसूट बाई जेवणाच्या पंगतीत म्हणायच्या, विचारा द्रौपदाला का खपली नाही ते. पोरी तिच्याशी बोलेनाशा झाल्या. गाण्यातून काढून तिला भाकऱ्या थापायला बसवलं. सातवीची फायनल पास होईपर्यंत ती तिथे भाकऱ्या थापत होती.

त्यानंतर द्रौपदाअक्का कधी गायल्या नाहीत.

मी आधी हे बोलण्यातलं बोलणं समजलो. माणसं म्हणतात तसं. प्रज्ञाने सांगितलं तेव्हा खरं काय ते कळलं. अक्का जिल्हा परिषदेच्या शाळेत अडतीस वर्षं बाई होत्या. पहिली-दुसरीचा वर्ग. कविता शिकवायची तर वर्गातल्या एखाद्या गळा असलेल्या पोरीला पुढे घ्यायच्या आणि आपण पट्टीने टेबलावर ठेका धरायच्या. राष्ट्रगीताला ओठ हलवायच्या. छप्पन सालानंतर घरच्यांबरोबर त्यांनी बुद्धाचा धम्म घेतला, विहारात दर पौर्णिमेला जातात, वंदनेला सगळ्यांच्या पुढे बसतात, आणि तिथेही ओठच हलवतात. शेजारच्या बाईला वाटतं अक्कांचा आवाज हळू आहे. पोटच्या पोरीला त्यांनी नुसतं थोपटून झोपवलं. प्रज्ञाची आई कौतुकाने सांगायची म्हणे की माझ्या आईला एकही गाणं येत नाही.

इतकं मोठं कुलूप एका वेताने बसतं. आणि लावणारी मजेत मरते.

"आता काय पाहिजे अक्का तुम्हाला?" मी विचारलं.

अक्का तोवर बरंचसं शाळेतलं मराठी बोलत होत्या. आता एकदम घरच्या बोलीवर आल्या. "माले इतलंच ऐकनं शे भाऊ, ती तबकडी मी बिघाडी का नही. डावा कान गया. उजवा बी चालना. डाक्टर म्हने, सहा महिना."

त्यांना गाणं ऐकायची हौस नव्हती. त्यांना निकाल पाहिजे होता. ह्या जगात तो एकाच वस्तूवर लिहिलेला होता आणि ती वस्तू मी शेगडीवर ठेवली होती.

त्या गेल्यावर मी वही उघडली. निळ्या कागदाखाली माझंच अक्षर. "मार्च ८६. राळ उत्तम." बायको जेवायला बोलावत होती, मी वही घेऊन तिथेच बसून राहिलो. मला वाटलं, उद्या धुळ्याला फोन करून सांगावं की माळ्यावर सापडली नाही, उंदरांनी खाल्ली. उंदीर लाख खात नाहीत, पण त्यांना काय माहीत. हे मनात आलं त्याचीही मला किळस आली.

दुसऱ्या दिवशी अर्पितकडे गेलो. म्हटलं अशी अशी तबकडी कुठे आणखी असेल का. तो म्हणाला, "आमच्या दादाजींकडे असेल. दोंडाईच्याला आमचं घड्याळाचं दुकान होतं ना, तिथे पणजोबा तबकड्या विकायचे. न खपलेला माल दादाजींनी ठेवलाय, हात लावू देत नाहीत." मला त्याला मिठी मारावीशी वाटली. पण पोरगं पुढे बोललं. "नाना, त्या आजींना इथे घेऊन या. पंचवीस तारखेला. आपण इथे वाजवू, लोकांसमोर. त्यांच्या चेहऱ्यावर कॅमेरा लावू. त्या रडल्या ना, तर लाखात जाईल."

"आणि नाही रडल्या तर?"

"रडतील हो," तो म्हणाला.

शेंगदाण्याची काळी वाटी माझ्यासमोर होती. ती मी उपडी केली आणि उठलो. वाईट वागलो, पण त्याहून चांगलं मला त्या वेळी सुचलं नाही.

दुपारच्या गाडीने थेट दोंडाईच्याला गेलो. अर्पितचे आजोबा ज्ञानचंद शेठ, चौऱ्याऐंशी वर्षांचे, स्टेशनजवळच्या गल्लीत बंद दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहतात. नातवावरून मी आजोबाही ठरवून टाकला होता. म्हटलं हा अजून एक भाव करणार. त्यांनी मला पाणी दिलं, सगळं शांतपणे ऐकलं, मी राळेचं सांगितलं तेव्हा डोळे मिटून घेतले आणि विचारलं, "किती वितळवल्या?"

"मोजल्या नाहीत शेठ."

"पाप केलं तुम्ही," ते म्हणाले. बस इतकंच. मग उठून कपाटातून निळ्या कागदाची तबकडी काढली, अजून कंपनीच्या पुडक्यातली. बारा आल्या होत्या, बाराच्या बारा पडून राहिल्या होत्या, अकरा फुटल्या, ही राहिली. त्यांचे वडील सांगायचे म्हणे की मिशनवाल्यांनी नाताळचं गाणं होळीनंतर पाठवलं, चैत्रात ते कोण घेणार.  विचारा द्रौपदाला का खपली नाही ते! कॅलेंडरला विचारायला हवं होतं.

शेठची एकच अट होती. तबकडी घराबाहेर जाणार नाही, ऐकायचं तर इथे यायचं. कॅमेरा नाही. मी म्हटलं, शेठ, तुमच्या पाया पडतो.

रविवारी सकाळी प्रज्ञाने धुळ्याहून गाडी केली. मी जळगावहून आधीच पोचलो होतो. अक्कांना जिना चढवायला मी आणि प्रज्ञा दोघं लागलो. अक्कांनी नवं पांढरं लुगडं नेसलं होतं, परीक्षेला बसल्यासारख्या सतरंजीवर बसल्या. शेठच्या घरी चहा येत होता, त्यांनी नको म्हणून हात केला. शेठनी ग्रामोफोनला चावी दिली, नवी सुई लावली. आधी दुसरी बाजू लावली, यंत्र नीट चालतं का बघायला. करंज्या आणि घंटांचं गाणं. पोरी खिदळत गात होत्या, खरखरीत पण स्पष्ट. अक्का यंत्राच्या भोंग्याला उजवा कान लावून बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

मग शेठनी तबकडी उलटली.

पेटीचा सूर, मग पोरींचा आवाज. अगदी स्वच्छ, पुणेरी, एकसारखा. अक्कांनी मांडीवर हात ठेवला होता. पहिलं कडवं झालं, त्यांनी अंगठा दुमडला. दुसरं झालं, पहिलं बोट. मला गाणं ऐकू येईना, मी ती बोटंच बघत होतो. तिसरं कडवं संपलं, दुसरं बोट दुमडलं. पेटीने पुढच्या कडव्याचा सूर धरला, आणि अक्कांनी श्वास घेतलेला मला दिसला.

सुई मधल्या कागदाजवळ गेली आणि खर्र खर्र करत फिरत राहिली.

अक्का तशाच बसून होत्या. त्यांना वाटलं आपल्याला ऐकू येत नाहीये. कानातलं यंत्र चाचपलं. "प्रज्ञा, चौथं चालू शे ना?"

प्रज्ञाने शेठकडे पाहिलं. शेठनी सुई उचलून पुन्हा पहिल्यापासून लावली. पुन्हा अंगठा, पुन्हा दोन बोटं, पुन्हा पेटीचा सूर अर्ध्यात तुटला. अक्का म्हणाल्या, अजून एकदा. तिसऱ्या वेळेला प्रज्ञाने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. "आजी, चौथं नाहीच आहे. तीनच आहेत."

"नाही म्हणजे?"

मग शेठ त्यांच्यासमोर खाली बसले. गुडघे धरून, सावकाश. "बाई, ह्या तबकडीवर तीन, सव्वातीन मिनिटंच मावतात. त्यापुढे जागाच नाही. आमचे वडील सांगायचे, गाणारे गात राहायचे, यंत्र केव्हाच थांबलेलं असायचं. तुम्ही गायलात तेव्हा पलीकडच्या खोलीत यंत्र बंद होतं. तुमचा आवाज ह्यावर आलाच नाही."

हे अक्कांना दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा प्रज्ञाने खानदेशीत सांगितलं. अक्का ऐकत होत्या आणि तबकडीकडे पाहत होत्या. त्यांनी एक बोट पुढे करून निळ्या कागदाच्या कडेला, जिथे रेघा संपतात तिथे, हळूच लावलं. शेठ एरवी कुणाला बोट लावू देत नसावेत. त्यांनी लावू दिलं.

"मी काहीच बिघाडं नही," अक्का म्हणाल्या.

"काहीच नाही," शेठ म्हणाले.

 मग अक्कांची मान वर आली. शाळेत कुणी चोरी केली ते ओळखणाऱ्या बाईसारखी. "तबकडी बाईना बंगलावर वाजनी व्हती. पहिलाच दिन. म्हंजे बाईनी ऐकं. तीनच शेतस हाई बाईले माहीत व्हतं."

माझ्या डोक्यात तोवर हे आलं नव्हतं.  त्या बाईने तबकडी ऐकली होती. पोरीचा आवाज त्यात नाही हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी ती पंगतीत विचारत राहिली. दहा वर्षांच्या पोरीला, भाकऱ्या थापणाऱ्या पोरीला, वर्षानुवर्षं. सांगायला एक वाक्य लागलं असतं. मी आयुष्यात पुष्कळ घाण माणसं पाहिलीत, सोन्याच्या धंद्यात ती कमी नसतात. ह्या बाईइतकी घाण मी पाहिली नाही, आणि ती रोज प्रार्थना सांगायची.

मी उठून खिडकीशी गेलो. बाहेर थुंकलो. परत आलो तर अक्का माझ्याकडे पाहत होत्या.

"अमृतभाऊ," त्या म्हणाल्या, आता परत शाळेतल्या मराठीत, "तुमचे उपकार झाले. तुमच्या माळ्यावरची सापडली नाही ना? जाऊ द्या. ही सापडली, पुरे."

जाऊ दिलं असतं तर चाललं असतं. कुणाला काही कळलं नसतं. शेठ माझ्याकडे पाहत होते, पण तेही बोलले नसते, तेवढं मी त्यांना ओळखलं होतं. अक्कांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा थोडं काही सैल झालं होतं, आणि मला ते मोडायचं नव्हतं. पण त्या बाईलाही एक वाक्य जड झालं होतं. मला तिच्या पंगतीला बसायचं नव्हतं.

मी पिशवीतून वही काढली, निळ्या कागदाचं पान उघडलं आणि अक्कांच्या मांडीवर ठेवलं. "अक्का, माळ्यावर काही नव्हतं. मी खोटं बोललो. तुमची तबकडी भुसावळच्या भंगारातून माझ्याकडे आली होती. चांगली होती, अखंड. मी ती फोडली आणि वितळवून राळ केली, दागिने ठोकायला. ऐकली नाही. ऐकवलीही नाही कुणाला. हे बघा, खाली लिहिलंय."

प्रज्ञाचा चेहरा उतरला. ती मला काहीतरी बोलणार होती, अक्कांनी तिचा हात दाबला. चष्मा वर सरकवला, वही डोळ्यांजवळ नेली. शाळेची वही आयुष्यभर तपासलेलं माणूस. एकेक अक्षर वाचलं. राळ उत्तम. मग बोट मागे नेऊन साल पुन्हा वाचलं, आणि ओठ हलले. हिशोब करत होत्या.

मी वाट पाहत होतो की त्या शिवी देतील. वही फेकतील. मी त्याला तयार होतो, खरं म्हणजे मला ते हवं होतं.

अक्कांनी वही मिटून माझ्या हातात परत दिली. चिडल्या नाहीत, रडल्या नाहीत. कुणी वेळ विचारली तर सांगावी तशा आवाजात म्हणाल्या, "शहाऐंशीले. तव्हय मी पन्नास वरीसनी व्हती, भाऊ. तव्हय मना गळा व्हता."